टाचेची उंची आणि कण्याचे स्वास्थ्य

आळंदीहून निघालेली ज्ञानेश्वर माउलींची पालखी पुण्यात प्रवेश करण्यापूर्वी विश्रांतवाडीवरून जाते. पंढरपूरपर्यंतची सुमारे २५० किलोमीटरची वाट तुडविणाऱ्या त्या असंख्य पायांत साध्या, सपाट वहाणा असतात. काहींच्या पायांत त्याही नसतात. दूरवर चालावयाचे तर टाच भुईला टेकली पाहिजे, हे त्या पायांना कोणी शिकवावे लागत नाही. याच विश्रांतवाडीपासून लोहगावचा विमानतळ फारसा दूर नाही. विमानात हसतमुखाने स्वागत करणाऱ्या तरुणीच्या पायांत मात्र उंच टाचेचे बूट असावेत, असा त्या व्यवसायाचा जुना संकेत आहे. या दोन पावलांमधील अंतर केवळ आवडीनिवडीचे नव्हे.

मनुष्य अनवाणी उभा असता त्याच्या देहाचा बराचसा भार टाच पेलते. टाच उचलली गेली की हा भार चवड्यावर सरकतो आणि शरीराचा तोल पुढे झुकू लागतो. तो सावरण्यासाठी घोटा, गुडघा, कटी आणि कणा या सर्वांनाच आपापली ठेवण थोडीथोडी बदलावी लागते. उंच टाचांमुळे गुडघ्याच्या सांध्यावरील ताण वाढतो, असे अमेरिकन संशोधकांनी १९९८ मध्ये मोजून दाखविले. नित्य उंच टाचा वापरणाऱ्या स्त्रियांच्या पोटरीचे स्नायूतंतू आखूड आणि टाचेमागील शीर अधिक ताठर झालेली असते, हे इंग्लंडमधील २०१० च्या एका अभ्यासात आढळले. सवय जडलेल्या स्त्रीला सपाट चपलेतच पोटऱ्या ओढल्यासारख्या वाटतात, याचे कारण हेच.

कण्याविषयी मात्र सावधपणे बोलले पाहिजे. उंच टाचेमुळे कंबरेचा बाक हमखास वाढतो, असा सार्वत्रिक समज आहे. परंतु प्रत्यक्ष मोजमापांत काहींचा बाक वाढलेला, काहींचा उलट कमी झालेला, तर काहींचा होता तसाच राहिलेला दिसतो. तेव्हा प्रत्येक पाठदुखीचे खापर टाचेवर फोडणे शास्त्राला धरून होणार नाही. मात्र तोल राखण्याचे जादा श्रम स्नायूंना पडतात आणि ते तासन्‌तास, वर्षानुवर्षे पडत राहिले तर शरीर त्यांची किंमत वसूल करते. एखाद्या लग्नसमारंभात हौसेने मिरविलेली टाच आणि आठ तास उभे राहून करावयाच्या नोकरीतली टाच यांत म्हणूनच महदंतर आहे.

खरा प्रश्न आहे तो सक्तीचा. हौस माणूस केव्हाही उतरवून ठेवू शकतो. गणवेश उतरविता येत नाही. फिलिपिन्समध्ये आणि कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतात २०१७ साली अशा सक्तीला शासनानेच आळा घातला. जपानमध्ये २०१९ साली नोकरदार स्त्रियांनी याच मागणीसाठी चळवळ उभारली. आपल्याकडे केरळने २०१८ मध्ये दुकानांतील कर्मचाऱ्यांना कामाच्या वेळी बसण्याचा हक्क कायद्याने दिला. २०२२ मध्ये सुरू झालेल्या आकासा एअर या भारतीय विमान कंपनीने तर आपल्या कर्मचाऱ्यांच्या गणवेशातच खेळाडूंसारखे सपाट, मऊ बूट समाविष्ट केले. त्यामुळे कोणाच्या सौजन्यात उणेपणा आल्याचे ऐकिवात नाही.

टाच कमी व रुंद असावी, चवड्यास पुरेशी जागा मिळावी, दिवसातून काही काळ पाय मोकळे राहावेत, पोटऱ्यांना ताण देण्याचा व्यायाम करावा, हे उपाय सोपे आहेत. पण ज्या तरुणीला पादत्राण निवडण्याची मुभाच नाही, तिला असा उपदेश करणे व्यर्थ होय. तो उपदेश तिच्या मालकाला केला पाहिजे. नीटनेटकेपणाची अपेक्षा त्याने जरूर ठेवावी. परंतु ती पुरी करण्यासाठी दुसऱ्याच्या गुडघ्यांनी आणि कण्याने झीज सोसावी, असा आग्रह धरण्याचा अधिकार कोणत्याही वेतनातून विकत मिळत नाही.