लंडनची दहाची मीटिंग
मुंबईत बसून जुलैमधली लंडनची मीटिंग कॅलेंडरमध्ये सकाळी १० वाजता टाकली, की फोन ते भारतातले १० धरतो आणि आत जागतिक प्रमाणवेळेनुसार ४:३० अशी नोंद ठेवतो. हीथ्रोवर उतरल्यावर फोनने स्थानिक वेळ पकडली, की तीच मीटिंग पहाटे ५:३०ला दिसते! म्हणून नोंद करतानाच ‘टाइम झोन’मध्ये लंडन निवडावं. वाढदिवस मात्र सरकत नाहीत. दिवसभराच्या नोंदीला नुसती तारीख असते.

खरी गंमत दर आठवड्याच्या मीटिंगची. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी ब्रिटनमध्ये घड्याळं तासभर पुढेमागे होतात, आपली नाहीत. लंडनच्या वेळेला बांधलेली १०ची मीटिंग पुण्यातल्या सहकाऱ्याला तिथल्या उन्हाळ्यात दुपारी २:३०ला गाठते, हिवाळ्यात ३:३०ला. म्हणजे ऐन चहाच्या वेळी.