हुंकाराचा वर्ग

सांगली जिल्ह्यातील कडेगाव येथे मोहरमात कळकाच्या कामट्यांचे आणि सुताच्या बांधणीचे जे गगनचुंबी ताबूत एकमेकांच्या भेटीस निघतात, त्यांची रचना कळसापासून आरंभून पायाकडे येते. आणि त्यांना खांदा देणाऱ्यांत हिंदू व मुसलमान अशा दोन्ही घरांतील माणसे असतात. ही चाल गावात कशी पडली, याची हकीकत विचारावी तर कऱ्हाडचे ताबूत पाहून आलेल्या एका देशपांडे गृहस्थांची कथा सांगितली जाते. ही कथा खरी की खोटी, असा सरकारी दफ्तराला शोभणारा प्रश्न क्षणभर बाजूस ठेवून ती कोण सांगतो, कोणासमोर सांगतो आणि सांगताना कशावर थांबतो, याकडे जो लक्ष देतो, त्याच्या लोकसाहित्याच्या अभ्यासाला तेथेच प्रारंभ झाला असे मी मानतो.

हा अभ्यास महाविद्यालयातील तरुणांना दूरस्थ वर्गातून, म्हणजे संगणकाच्या वा मोबाइलच्या पडद्यावरून, शिकवता येईल काय? अमेरिकेतील ओक्लाहोमा विद्यापीठात लॉरा गिब्ज या अध्यापिकेने २००२ पासून अनेक वर्षे पुराणकथा व लोककथांचा आणि त्याबरोबरच रामायण-महाभारताचाही वर्ग अशा रीतीने चालवला. त्या वर्गाचे मर्म व्याख्यानात नव्हते. विद्यार्थ्याने कथा वाचावयाच्या, त्यांतील एक निवडून स्वतःच्या शब्दांत नव्याने सांगावयाची, हवे तर दुय्यम पात्राच्या तोंडून सांगावयाची, आणि खाली आपण मूळ कथा कोठून घेतली, तिच्यात काय बदलले व का बदलले, याची टीप जोडावयाची, असा तेथील शिरस्ता होता. सहाध्यायांच्या कथा वाचून त्यांवर अभिप्राय देणे हाही अभ्यासाचाच भाग होता. ती छोटीशी टीप मला सर्वांत मोलाची वाटते. कारण कथा बदलण्याची मुभा आणि बदलाचा प्रामाणिक दाखला, या दोन्ही गोष्टी तीत एकत्र नांदतात.

आपल्याकडे ही मुभा नवी नाही. कीर्तनकार पूर्वरंगात तत्त्व मांडून उत्तररंगात आख्यान लावतो, तेव्हा तेच आख्यान दर गावी निराळे होते. जात्यावर बसलेल्या बायांनी गायिलेली सीता पोथीतल्या सीतेहून अधिक बोलकी आहे. वनवासाचे दुःख तिने आपल्या सासुरवासाच्या मापाने मोजलेले आहे. हेमा राईरकर आणि गी पॉयटविन यांच्या प्रयत्नाने अशा एक लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या आणि त्या भांडारातील कितीतरी ओव्या आज गाणाऱ्या बायांच्या आवाजासह घरबसल्या ऐकता येतात. त्याही आधी, याच सांगली जिल्ह्यातील बागणी गावी १९२० साली जन्मलेल्या सरोजिनी बाबर यांनी महाराष्ट्र राज्य लोकसाहित्य समितीच्या द्वारे गाणी, कहाण्या, उखाणे, सणावारांचे आचार यांचे संकलन ग्रंथबद्ध केले. म्हणजे दूरस्थ वर्गाला लागणारे पाठ्यपुस्तक परदेशातून मागवण्याचे कारण नाही.

मात्र संकलनाबरोबर विवेकही शिकवावा लागतो. देवांच्या व सृष्टीच्या उत्पत्तीची दैवतकथा, स्थळाला वा व्यक्तीला चिकटलेली दंतकथा आणि केवळ रंजनासाठी सांगितलेली लोककथा, असा स्थूल भेद अभ्यासक करतात. कडेगाव तालुक्यातील देवराष्ट्रे हे गाव घ्या. सागरेश्वराची देवळे त्याच्याच शेजारी आहेत, आणि १९१३ साली यशवंतराव चव्हाण येथेच जन्मले. प्रयागच्या स्तंभावर समुद्रगुप्ताने जिंकलेल्या राजांच्या यादीत देवराष्ट्राच्या कुबेराचे नाव कोरलेले आहे. काही आरंभीच्या संशोधकांनी त्या देवराष्ट्राचा संबंध महाराष्ट्राशी लावला. पुढील अभ्यासकांनी बहुधा ते आंध्रच्या किनाऱ्याकडे असल्याचे मानले. नामसादृश्याच्या बळावर गावाचा अभिमान कसा फुलतो आणि पुराव्यापुढे त्याला कोठे थांबावे लागते, हे या एका उदाहरणाने विद्यार्थ्याला जितके कळेल, तितके व्याख्या पाठ करून कळणार नाही. अभिमानाची ती कथाही टाकून द्यावयाची नसते. ती इतिहास म्हणून न लिहिता गावाने स्वतःविषयी काय मानले याची नोंद म्हणून लिहावयाची असते.

दूरस्थ वर्गाचे एक न्यून मात्र खरे आहे, आणि ते लहान नाही. आपल्याकडे कथा सांगताना ऐकणाऱ्याने हुंकार द्यावा लागतो. हुंकार थांबला की सांगणारी आजी थांबते आणि झोपलास की काय, असे विचारते. गोंधळ्याच्या आख्यानात मुख्य गायकाला सवाल करणारा, दुजोरा देणारा साथीदार असतो. त्याच्यावाचून आख्यान पुढे सरकत नाही. पडद्यावरील वर्गात तर गोंगाट टाळण्यासाठी सर्वांचे ध्वनी बंद ठेवलेले असतात, आणि सांगणाऱ्याला आपला शब्द कोठे पोहोचला याचा पत्ता लागत नाही. लेखी अभिप्राय ही त्याची काही अंशी भरपाई आहे, पण ती उशिरा येते.

तरीही असा वर्ग व्हावा, असे मला मनापासून वाटते. देवराष्ट्र्याच्याच सुपुत्राच्या नावाने १९८९ साली नाशिकला जे मुक्त विद्यापीठ निघाले, त्याच्या मुळाशी हीच जाणीव आहे की ज्याला शिक्षणापर्यंत जाता येत नाही, त्याच्यापर्यंत शिक्षणाने जावे. कडेगावच्या एखाद्या विद्यार्थिनीला पहिला पाठ असा द्यावा: ताबुताची कथा एका हिंदू आणि एका मुसलमान घरी, वडीलधाऱ्या माणसांची अनुमती घेऊन, ऐकावी, दोन्ही पाठ परस्परांत न मिसळता उतरून घ्यावेत, मग तिसरी, आपली स्वतःची कथा लिहून तिच्याखाली टीप जोडावी. आणि ज्या दिवशी ती कथा वाचून दाखवणार असेल, त्या दिवशी अध्यापकाने सर्वांना ध्वनी खुले ठेवण्यास सांगावे. मग मध्येच कोणाच्या घरची म्हैस हंबरली, कुकरची शिटी झाली, तरी चालेल. तिला हुंकार ऐकू आला पाहिजे.