गाडी मस्त चालतीये, मग बेल्ट कशाला?

जालन्यात पप्पांची जुनी डिझेल इंडिका अजून चालू आहे. मेकॅनिक काका म्हणाले, "टायमिंग बेल्ट बदला." पप्पा म्हणाले, "मस्त चालतीये की!"

गोची इथंच आहे. हा बेल्ट बऱ्याचदा न सांगताच तुटतो. क्रँकचे दोन फेरे, कॅमशाफ्टचा एक, हा मेळ तोच राखतो. मेळ सुटला की पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो, हेड उतरवावं लागतं.

रबर वयानंही कडक होतं, म्हणून किलोमीटरसोबत वर्षंही मोजा. टेन्शनर, आयडलर तेव्हाच बदला. खोलायची मजुरी एकदाच लागते. खुणा जुळवून इंजिन हातानं दोन फेरे फिरवा, मगच चावी मारा.

पप्पांनी शेवटी बदलला. गाडी चालतीये तशीच, फक्त आता मला झोप लागते.