मरेचना अशी प्रोसेस

मेमरी संपत आली की लिनक्स कर्नल आधी इकडची तिकडची पेजेस, म्हणजे मेमरीचे ठरावीक तुकडे, मोकळी करून पाहतो. तेवढ्यानं भागलं नाही, तर एखादी चालू प्रोसेस मारून टाकतो. या कोडचं नावच ‘ओओएम (आउट ऑफ मेमरी) किलर’. बळी निवडताना तो मुख्यतः कोणी किती मेमरी अडवली आहे ते बघतो. क्रूर आहे खरं, पण अख्खा सर्व्हर बसण्यापेक्षा बरं.

2014च्या अखेरीस मात्र कर्नल लिहिणाऱ्यांपुढे वेगळंच त्रांगडं आलं. बळी ठरला, मारण्याचा हुकूम सुटला, तरी प्रोसेस मरेचना. एक्सएफएस फाइल सिस्टिममध्ये एकीनं लॉक धरून ठेवूनच मेमरी मागितली होती; किलरनं दुसरी निवडली, आणि ती नेमकी त्याच लॉकसाठी ताटकळत होती. लॉक मिळेपर्यंत हिला मरता येईना, ही मेल्याशिवाय मेमरी सुटेना आणि मेमरी मिळाल्याशिवाय पहिली लॉक सोडेना.

मग पहिलीला सरळ ‘मेमरी नाही’ म्हणून का सांगितलं नाही? खरी मेख इथेच आहे. आठ पेजेसपर्यंतची, म्हणजे साधारण 32 केबीपर्यंतची मागणी कर्नल सहसा नाकारतच नसे. पुन्हापुन्हा प्रयत्न करत राही. नकार आला तर काय करायचं, याचा कोड जागोजागी लिहिलेला होता. पण नकारच येत नसल्यामुळे तो कधी फारसा चाललाच नव्हता. 2015च्या सुरुवातीला साफसफाईच्या एका पॅचमुळे फाइल सिस्टिमच्या काही मागण्या चुकून नाकारल्या जाऊ लागल्या. तो बदल मुकाट्यानं मागे घ्यावा लागला.

तोडगा निघाला तो दुसऱ्या टोकानं. मिखाल होत्स्को यांचा ‘ओओएम रीपर’ 2016मध्ये 4.6 आवृत्तीत आला. तो बळीचा जीव जाण्याची वाट बघत नाही, आधीच घर रिकामं करायला घेतो. मरणारी प्रोसेस आपल्या प्रोग्रामकडे पुन्हा परतणारच नसते, त्यामुळे तिची फाइलशी न जोडलेली पेजेस बेधडक काढून घेता येतात. गंमत म्हणजे त्यासाठी रीपरलाही एक लॉक लागतंच. ते मिळालं नाही तर एक दशांश सेकंद थांबून तो पुन्हा हात घालतो, असं दहा वेळा. मग नाद सोडतो. पुढच्या आवृत्त्यांत अशा वेळी किलरला दुसरा बळी शोधण्याची मुभा मिळाली.

छोट्या मागण्यांचा नियम बदललेला नाही. त्या जवळपास कधीच नाकारल्या जात नाहीत, पण तशी हमीही नाही, तेव्हा नकार तपासत चला, असं कर्नलची माहितीपुस्तिका आजही सांगते.