दिवेलागणीनंतरचे वाचन

कार्तिक शुद्ध पंचमीला आपल्या समाजात दोन नावे आहेत. दुकानात ती लाभपंचमी असते. दिवाळीत पूजलेल्या नव्या वहीत त्या दिवशी पहिली नोंद होते आणि नव्या वर्षाचे व्यवहार सुरू होतात. उपाश्रयात तीच ज्ञानपंचमी असते. ग्रंथ पाटावर मांडून त्यांची पूजा होते. दिगंबर बांधव ज्येष्ठ शुद्ध पंचमीला श्रुतपंचमी साजरी करतात. धरसेनाचार्यांकडून मिळालेले ज्ञान पुष्पदंत आणि भूतबली या आचार्यांनी षट्खंडागमाच्या रूपाने ग्रंथबद्ध केले, त्याचे ते स्मरण. श्वेतांबर परंपरेत वलभी येथे देवर्धिगणी क्षमाश्रमणांच्या नेतृत्वाखाली आगम लिहून काढले गेले. स्मरणात राखलेले ज्ञान जाणत्या पिढीबरोबर लोप पावेल, ही चिंता दोन्हीकडे सारखीच होती. त्याच चिंतेपोटी पाटण, जैसलमेर आणि आपल्या विदर्भातील कारंजा येथे ग्रंथभांडारे सांभाळली गेली. पोथ्यांच्या नकला करवून घेण्यात व्यापारी कुटुंबांचा हातभार मोठा होता.

ही चिंता आज आपल्या घरांतही आहे, फक्त तिचे रूप बदलले आहे. आमच्या बार्शीच्या घरी माळ्यावरील पेटीत आजेसासऱ्यांच्या वेळच्या वह्या आहेत. त्या मोडी लिपीत आहेत. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर मोडी शाळांतून गेली आणि दोन पिढ्यांत आमच्या घरातूनही गेली. दर दिवाळीला त्या वह्यांना हळदकुंकू लागते, मात्र त्यांतील एक ओळ वाचू शकेल असे घरात आज कोणी नाही. आम्ही घरात मारवाडी बोलतो, दुकानात मराठी बोलतो आणि मुले शाळेत इंग्रजी वाचतात. मराठी वाचनाची सवय तुटली, तर सासऱ्यांच्या देवनागरी खतावण्यांचीही तीच गत होण्यास फार वर्षे लागणार नाहीत.

गेल्या चातुर्मासात आम्ही घरात मोठ्याने वाचण्याचा नेम सुरू केला. त्याला निमित्त सासूबाईंचे झाले. त्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत. डोळ्यांच्या पडद्याच्या विकाराने त्यांचे वाचन थांबले होते आणि दिवस त्यांना खायला उठे. सूर्यास्तापूर्वी जेवणे होत असल्याने आपल्या घरांत संध्याकाळ मोठी असते. दुकान बंद करून मंडळी परतली की नऊ वाजता सर्वजण सासूबाईंच्या खोलीत बसतात. फोन बाहेरच्या खोलीत राहतात. अर्धा तास एकाने वाचायचे, इतरांनी ऐकायचे, अडलेला शब्द तेथेच विचारायचा आणि दुसऱ्या दिवशी वाचणारा बदलायचा, एवढेच नियम आहेत. पाच महिन्यांत जी पुस्तके झाली, त्यांतील काही वाचकांपुढे ठेवते.

प्रारंभ साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’ने केला. नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली लिहिलेल्या या पुस्तकाची प्रकरणे रात्रींमध्ये विभागलेली आहेत, त्यामुळे रोज एक रात्र हा क्रम आपोआप लागला. आठवीत शिकणाऱ्या माझ्या मुलीला पहिल्या आठवड्यात जोडाक्षरे अडत होती. वाक्ये सोपी असल्याने तिसऱ्या आठवड्यात ती न थांबता वाचू लागली. मराठी कच्चे असलेल्या मुलांसाठी आरंभाला हेच पुस्तक घ्यावे, असे मी सुचवेन.

त्यानंतर व्यंकटेश माडगूळकरांची १९५५ साली प्रसिद्ध झालेली ‘बनगरवाडी’ घेतली. माणदेशातील धनगरांच्या वस्तीवर एक तरुण शिक्षक येतो आणि शेवटी दुष्काळ ती वस्ती उठवून लावतो, एवढी ही छोटी कादंबरी आहे. दुष्काळाची पाने वाचून झाल्यावर सासूबाई १९७२ च्या दुष्काळाविषयी बोलू लागल्या. रोजगाराच्या कामांवर खडी फोडणारी माणसे, लाल मिलो, सुकडी आणि दुकानाच्या पायरीवर उधारीसाठी बसलेले ओळखीचे शेतकरी, असे एकेक त्यांनी सांगितले. त्या वर्षाच्या काही खात्यांची बाकी सासऱ्यांनी पुढच्या वहीत ओढलीच नाही, हेही त्या सहज बोलून गेल्या. घरात हे आजवर कोणालाच ठाऊक नव्हते. दुसऱ्या दिवशी मुलीने ती खतावणी शोधून काढली आणि खात्यांची नावे आजीला वाचून दाखवली. सासूबाईंनी प्रत्येक नावाचे गाव सांगितले. मुलाने ती नावे गावांसह एका वहीत उतरवून ठेवली आहेत. त्यांपैकी तीन घरांशी आमचा व्यवहार आजही चालू आहे.

लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ आम्हा स्त्रियांना सर्वांत जवळची वाटली. १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध झालेले हे आत्मकथन शाळेचे शिक्षण न मिळालेल्या स्त्रीचे आहे. वडिलांचे टोकाचे सोवळे, लहरी पतीबरोबरचा संसार, त्यांच्या धर्मांतरानंतर झालेली ताटातूट आणि पुढचा समेट हे सारे त्यांनी रडगाणे न गाता, पुष्कळदा हसत सांगितले आहे. पतीच्या हाती पैसा टिकत नसताना घर कसे चालवावे लागते, हे त्यातून कळते. पुरुष मंडळींनी ती पाने लक्षपूर्वक ऐकली.

इरावती कर्वे यांच्या ‘युगान्त’ने घरात खडाजंगी झाली. १९६७ सालच्या आणि पुढच्याच वर्षी साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालेल्या या पुस्तकात महाभारतातील व्यक्तींकडे माणसे म्हणून पाहिले आहे. भीष्मांच्या त्यागाने अखेर काय साधले, आणि त्यांनी कारभारातून वेळीच अंग का काढून घेतले नाही, हा लेखिकेचा प्रश्न आहे. ज्या घरांत तीन पिढ्या एका गादीवर बसतात, तेथे तो जरा बोचतो. माझे पती आणि चिरंजीव यांच्यात दुकानाच्या संगणकीय हिशेबावरून जे बोलणे वर्षभर अडले होते, ते त्या रात्री भीष्मांच्या निमित्ताने सुरू झाले आणि निम्मे मिटले.

व्यवसायात नव्याने उतरलेल्या तरुणांना गिरीश कुबेर यांचे ‘टाटायन’ आवडेल. नवसारीच्या एका पारशी घराण्याची ही वाटचाल आहे. नागपूरची एम्प्रेस मिल १८७७ साली सुरू झाली, तेथपासून पोलाद आणि विजेपर्यंतचा प्रवास वाचताना, पुढच्या पिढीसाठी उद्योग उभारणे म्हणजे काय, याचा अंदाज येतो. पुस्तक मोठे आहे. आम्ही ते निवडक प्रकरणांनी वाचले आणि उरलेले चिरंजीवांनी स्वतः संपवले.

दुर्गा भागवतांचे १९५६ सालचे ‘ऋतुचक्र’ सलग वाचू नये, असे वाटते. बारा मराठी महिन्यांतील झाडे, फुले आणि हवा यांवर लिहिलेले हे लेख त्या त्या महिन्यात वाचावेत. भुसार मालाच्या व्यापाऱ्याला ऋतू आवकेवरून कळतो. या लेखांमुळे आमचे लक्ष बाजार समितीच्या आवारातील झाडांकडेही जाऊ लागले.

शेवटी आपल्याच समाजातील एका व्यापाऱ्याचा ग्रंथ सांगते. बनारसीदास हे जौनपूरचे श्रीमाळ जैन. त्यांनी १६४१ साली आग्र्यात ब्रज भाषेत, पद्यात, आपले आत्मचरित्र लिहिले. माणसाचे पूर्ण आयुष्य ११० वर्षांचे मानून पंचावन्नाव्या वर्षी लिहिलेले, म्हणून त्याचे नाव ‘अर्धकथानक’. नाथूराम प्रेमी यांनी संपादित केलेली आवृत्ती हिंदी वाचणाऱ्यांना सोयीची आहे. अकबराच्या निधनाची वार्ता येताच जौनपूरच्या व्यापाऱ्यांनी दुकाने बंद करून धन पुरून ठेवले, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले आणि लिहिले. त्यांना व्यापारात वारंवार खोट आली, नऊ अपत्ये डोळ्यांदेखत गेली आणि तरुणपणी रचलेले शृंगारकाव्य त्यांनी स्वतः गोमतीत सोडले. यातले काहीही त्यांनी झाकलेले नाही. आग्र्यात हाती काहीच उरले नव्हते, त्या दिवसांत ते रात्री घरी ‘मधुमालती’ आणि ‘मृगावती’ मोठ्याने वाचत. दहावीस माणसे ऐकायला जमत. श्रोत्यांत एक कचोरीवाला होता आणि त्याच्याकडून उधारीवर घेतलेल्या कचोऱ्यांवर बनारसीदासांनी कित्येक महिने काढले. आमच्या दुकानदार मंडळींना हा प्रसंग इतका भावला की तो दोनदा वाचावा लागला.

ज्यांना असा नेम सुरू करावासा वाटतो त्यांच्यासाठी दोन सूचना. पहिले पुस्तक दोनशे पानांच्या आतले निवडावे आणि ते घरातील सर्वांत लहान वाचकाला पेलेल असे असावे. पुस्तके विकत घेण्यापूर्वी गावातील सार्वजनिक वाचनालयाची वर्गणी भरावी. जुन्या वाचनालयांत ही बहुतेक मराठी पुस्तके असतात आणि त्यांना वाचक हवेच आहेत. सुटीत पाचगणी-महाबळेश्वरकडे जाणे झाले, तर भिलार या पुस्तकांच्या गावी अर्धा दिवस काढावा. २०१७ पासून तेथील घराघरांत वाचनासाठी पुस्तके मांडलेली आहेत आणि मुलांना ती स्वतः निवडता येतात.

आम्ही एक पातळ वहीही ठेवली आहे. तीत तारीख, पुस्तक, वाचलेली पाने आणि वाचणाऱ्याचे नाव एवढीच नोंद असते. पाच महिन्यांत बावीस रात्री वाचन चुकले. लग्नसराई आणि परीक्षा ही त्याची मुख्य कारणे होती. चुकलेल्या रात्रीही वहीत लिहिलेल्या आहेत, म्हणून पुन्हा बसणे सोपे जाते.

पुढचे पुस्तक निवडण्याची पाळी सासूबाईंची आहे. पुण्यात मोडी वाचनाचा वर्ग चालतो, असे त्यांनी कोणाकडून तरी ऐकले आहे, आणि येत्या सुटीत नातीला तेथे धाडावे, असा त्यांचा आग्रह आहे. मुलगी तयार आहे. तोवर वाचकांनी आपल्या घरी अलीकडे काय वाचले, कोणी कोणाला वाचून दाखवले, हे या विभागाकडे अवश्य लिहून पाठवावे. आमच्या वहीत पुष्कळ पाने कोरी आहेत.