चार वाद्यांची एक लय : स्ट्रिंग क्वार्टेट ऐकताना

नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधील डॉ. वसंतराव देशपांडे सभागृहात ख्याल, ठुमरी आणि नाट्यसंगीत ऐकून ज्याचा कान घडला आहे, अशा रसिकाला स्ट्रिंग क्वार्टेटच्या मैफलीत तंबोरा आणि तबला या दोन आधारांची उणीव सर्वप्रथम जाणवते. हे आधार नसतानाही स्वर आणि लय कशी सांभाळली जाते, हे समजून घेतले की या संगीताची वाट मोकळी होते.

दोन व्हायोलिन, एक व्हिओला आणि एक चेलो या चार वाद्यांच्या संचाला आणि त्यासाठी लिहिलेल्या रचनेलाही स्ट्रिंग क्वार्टेट म्हणतात. व्हिओला व्हायोलिनपेक्षा मोठा असून त्याच्या तारा पंचमाच्या अंतराने खाली जुळवलेल्या असतात, तर गुडघ्यांमध्ये धरून वाजवला जाणारा चेलो व्हिओलाहून एक सप्तक खाली बोलतो. चौघेही एकाच वेळी निरनिराळ्या सुरावटी वाजवतात आणि त्यांच्या मेळातून हार्मनी, म्हणजे एकत्र उमटणाऱ्या स्वरांची संगती, निर्माण होते. येथे ठेका धरणारा वादक नसतो आणि संचालकही नसतो. पहिला व्हायोलिनवादक श्वास घेऊन गज किंचित उचलतो, त्या खुणेवर चौघे एकदम सुरुवात करतात, आणि पुढे लय सांभाळण्याची जबाबदारी चौघांत वाटली जाते. ध्वनिमुद्रणात न दिसणारी ही देवाणघेवाण प्रत्यक्ष मैफलीत डोळ्यांसमोर घडते.

या प्रकाराला प्रौढ रूप देणाऱ्या योसेफ हायडन यांच्या 1797 मधील ‘एम्परर’ क्वार्टेटचा दुसरा भाग नवख्या श्रोत्यासाठी विशेष उपयुक्त आहे. त्यातील धून आधी पहिल्या व्हायोलिनवर येते आणि नंतरच्या चार आवर्तनांत दुसरे व्हायोलिन, चेलो, व्हिओला व पुन्हा पहिले व्हायोलिन ती क्रमाने वाजवतात. ख्यालात तंबोरा आणि ठेका स्थिर राहून गायक चिजेची बढत करतो. येथे मात्र धून जवळजवळ तशीच राहते आणि तिच्याभोवतीची साथ प्रत्येक वेळी पालटते.

महाराष्ट्रात या परंपरेला मुंबईत आधार मिळाला. झुबिन मेहता यांचे वडील, व्हायोलिनवादक मेहली मेहता यांनी 1935 मध्ये बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा आणि 1940 मध्ये बॉम्बे स्ट्रिंग क्वार्टेट स्थापन केले. पुढे अमेरिकेत ते कर्टिस स्ट्रिंग क्वार्टेटमध्ये दुसरे व्हायोलिन वाजवत. 1969 मध्ये स्थापन झालेल्या मुंबईच्या राष्ट्रीय संगीत-नाट्य केंद्रात, म्हणजेच एनसीपीएमध्ये, 2006 साली सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया उभा राहिला.

अशा मैफलीचे काही संकेत आधी माहीत असावेत. अभिजात क्वार्टेटचे बहुधा चार भाग असतात: पहिला द्रुत, दुसरा संथ, तिसरा नृत्याच्या लयीचा आणि शेवटचा पुन्हा द्रुत. आजच्या प्रथेप्रमाणे हे भाग मिळून एकच रचना मानली जात असल्याने टाळ्या चौथ्या भागानंतरच वाजवतात, आणि वादन सहसा ध्वनिवर्धकाशिवाय होत असल्यामुळे मधली ‘वाहवा’ही मनातच ठेवावी लागते. शक्यतो पुढची जागा घेऊन, एका भागात केवळ व्हिओला किंवा चेलो कानाने धरून ठेवण्याचा सराव करावा. ख्याल ऐकताना गायकाबरोबर तबलजी आणि संवादिनीवादक यांच्याकडेही लक्ष देणाऱ्या नागपूरच्या रसिकाला ही सवय नवी नाही. तिचा विस्तार चार वाद्यांपर्यंत केला, तर हे दूरचे वाटणारे संगीत त्यालाही आपले म्हणता येईल.