बिल्डच्या गोष्टी – ११ : बंद पडलेल्या कंपायलरांची यादी

आज मेनीलिनक्सवर लिहिणार होतो. तो विषय पुढच्या आठवड्यावर ढकलतो, कारण पुण्याच्या एका संशोधक विद्यार्थिनीचं पत्र आलंय आणि तिचा प्रश्न मला माझ्या फार जिव्हाळ्याच्या जागी घेऊन गेला. नदीखोऱ्यातल्या पाण्याचा हिशेब करणारा तिच्या विभागातला जुना फोर्ट्रान कोड ती पायथनमधून चालवते. नव्या लॅपटॉपवर पायथन ३.१२ आलं आणि ‘डिस्टयुटिल्स नावाचं मॉड्यूल नाही’ म्हणून सगळं अडलं. मित्राच्या सांगण्यावरून तिने सेटअपटूल्स टाकलं. तो संदेश गेला, पण आता नमपाय डॉट डिस्टयुटिल्स सापडेना. ती विचारते, ‘इतकी वर्षं चालत आलेली गोष्ट काढायचीच कशाला?’

पहिला संदेश का आला आणि का गेला ते नियमित वाचकांना कळलं असेल: पेप ६३२ या प्रस्तावानुसार पायथन ३.१२ मधून, म्हणजे ऑक्टोबर २०२३ पासून, पॅकेज बांधणारं डिस्टयुटिल्स हद्दपार झालं. पण सेटअपटूल्सने त्याची एक प्रत स्वतःजवळ ठेवली आहे. नमपायचं डिस्टयुटिल्स मात्र वेगळं प्रकरण आहे, आणि आजचा सगळा भाग मी त्यालाच देणार आहे.

ग्रेग वॉर्ड यांचं मूळ डिस्टयुटिल्स २००० साली पायथन १.६ बरोबर आलं तेव्हा त्याला फोर्ट्रान ठाऊक नव्हतं. वैज्ञानिक गणिताच्या सायपाय लायब्ररीचं तर फोर्ट्रानशिवाय पानच हलत नव्हतं. क्वाडपॅक, फिटपॅक, ओडीईपॅक, आरपॅक हे संख्यात्मक गणिताचं पिढ्यांचं धन त्याच भाषेत होतं. मग पिअरू पीटरसन यांनी, ज्यांनी फोर्ट्रान पायथनला जोडणारं एफटूपायही लिहिलं, डिस्टयुटिल्सला फोर्ट्रान शिकवणारा थर रचला. तोच पुढे नमपाय डॉट डिस्टयुटिल्स झाला. त्याची तऱ्हा अशी, की डिस्टयुटिल्सचे आतले क्लास चालत्या गाडीत बाहेरून बदलायचे. सेटअपटूल्सही तेच करत होतं. त्यामुळे बिल्डच्या सेटअप डॉट पाय फाइलमध्ये आधी कोणाला इम्पोर्ट करायचं यावर बिल्ड होणार की फसणार हे ठरायचं! आणि डिसेंबर २०२१ मध्ये सेटअपटूल्स ६० ने आपली प्रत पुढे केली, तेव्हा नमपायला ‘६० च्या खालचंच सेटअपटूल्स’ अशी अट लिहून ठेवावी लागली.

या थरातलं एफकंपायलर नावाचं फोल्डर मी कितीदा उघडून बसलो असेन. प्रत्येक कंपायलरला एक फाइल. जीनू आणि इंटेल अर्थातच. पण त्यांच्या शेजारी कॉम्पॅक, सन, मिप्स, एचपी-यूएक्स, लाहे, ॲब्सॉफ्ट, व्हास्ट. यातल्या कित्येक कंपन्या उरल्या नाहीत, कित्येक यंत्रं भंगारात गेली. प्रत्येक फाइलमध्ये त्या कंपायलरला समजणारे फ्लॅग आहेत, आवृत्ती ओळखायची युक्ती आहे. कुणीतरी, कुठल्यातरी प्रयोगशाळेत, समोरच्या यंत्रावर सायपाय चालावं म्हणून हे खपून लिहिलं होतं. तसंच सिस्टिम-इन्फो ही फाइल: ब्लास आणि लापॅक या गणिती लायब्रऱ्या मशीनवर कुठे असतील ते शोधता शोधता तिच्यात एक्स-११ आणि जीटीकेचा शोधही येऊन बसला. बिल्डचा कोड हा लायब्ररीने कुठेकुठे दिवस काढले त्याचा दप्तरखाना असतो, असं माझं ठाम मत आहे, आणि म्हणूनच तो बदलणं हे नुसतं भाषांतराचं काम नसतं. प्रत्येक ओळीला विचारावं लागतं, तू कोणासाठी आलीस आणि तो अजून आहे का?

सायपायच्या मंडळींनी हे काम राल्फ गॉमर्स यांच्या पुढाकाराने २०२१ मध्ये हाती घेतलं. समोर बिल्डच्या साधनांत सीमेकचा पर्याय होता, मेसनचा होता. निवड झाली मेसनची. ते फिनलंडच्या युसी पाक्कानेन यांनी लिहिलेलं. त्याची भाषा मुद्दाम तोकडी ठेवली आहे. तिच्यात स्वतःचं फंक्शनही लिहिता येत नाही. सेटअप डॉट पाय हा अख्खा प्रोग्राम होता, चालवल्याशिवाय त्याच्या पोटात काय आहे ते कळत नसे. मेसनची फाइल वाचली की कळते. प्रत्यक्ष कंपाइल करायचं काम ते निंजाकडे सोपवतं, आणि निंजा सगळे कोअर कामाला लावून फक्त बदललेल्या फाइली पुन्हा बांधतं. पूर्वी एक हेडर बदललं की जुने तुकडे शिल्लक राहिले असतील या भीतीने सगळं पुसून नव्याने बांधायचो. सायपायला लागणाऱ्या सायथनचा आधार मेसनकडे नव्हता, तो ०.५९ मध्ये आला. जुलै २०२२ मध्ये सायपाय १.९.० मेसनवर बांधून बाहेर पडलं. जुना सेटअप डॉट पाय काही काळ शेजारीच ठेवला होता, आणि तो शहाणपणाचा निर्णय होता.

नमपायची वाट आणखी अवघड. एकाच फंक्शनचे वेगवेगळ्या प्रोसेसरांसाठी वेगवेगळे अवतार बांधायचे आणि चालताना योग्य तो निवडायचा, ही त्याची सोय जुन्या बिल्डमध्ये खोलवर मुरलेली होती. मेसनमध्ये तसलं काही नव्हतं. शेवटी नमपायने मेसनमध्ये ती भर घालून स्वतःची प्रत सोर्सबरोबर ठेवली. सप्टेंबर २०२३ चं नमपाय १.२६ हे मुख्यतः या स्थलांतरासाठी आणि ३.१२ साठीच काढलेलं. नुसत्या बिल्डपायी आख्खी आवृत्ती निघाली, आणि वापरणाऱ्या बहुतेकांना त्याचा पत्ताही लागला नाही. मला याचं फार कौतुक वाटतं.

ज्यांची लायब्ररी निव्वळ पायथनमध्ये आहे त्यांना यातलं काही लागत नाही. पायप्रोजेक्ट डॉट टॉमलमध्ये दहा-पंधरा ओळी लिहा आणि मोकळे व्हा.

आता पत्रलेखिकेसाठी. पायथन ३.१२ वर नमपाय डॉट डिस्टयुटिल्स परत मिळणार नाही, त्यामागे लागू नका. एफटूपाय तिथे आपणहून मेसन वापरतं. मेसन आणि निंजा दोन्ही टाकून घ्या. जुना ‘एफकंपायलर’ पर्याय आता चालत नाही, कंपायलर एफसी या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून सांगा. पॅकेज नीट बांधायचं असेल तर मेसन-पायथन हा बॅकएंड घ्या.

पण त्याआधी तुमच्या सेटअप डॉट पायमधले फोर्ट्रानचे फ्लॅग एकेक करून कागदावर उतरवा. ‘अलाउ आर्ग्युमेंट मिसमॅच’ असेल तर तो जीफोर्ट्रान १० पासून जुन्या कोडला लागतो. तो विसरलात तर बिल्ड लगेच फेल होईल, म्हणजे कळेल तरी. ‘नो ऑटोमॅटिक’ असेल तर जपा. जुन्या फोर्ट्रानमधली कितीतरी सबरूटीन असं धरून चालतात, की आपली स्थानिक व्हेरिएबल पुढच्या कॉलपर्यंत आपली किंमत टिकवून ठेवतील. हा फ्लॅग ती हमी देतो. तो गळाला तरी बिल्ड सुरळीत होईल, प्रोग्राम चालेल, आणि आकडे मात्र वेगळे येऊ शकतील. म्हणून ३.११ चं जुनं एन्व्हायर्नमेंट इतक्यात पुसू नका. त्यात एका पूर्ण पावसाळ्याचा हिशेब चालवून उत्तरं फाइलमध्ये ठेवा, मग मेसनवर बांधलेल्याशी ताडून पाहा. फरक निघाला तर दोन्ही फाइली आणि फ्लॅगांची यादी मला पाठवा. मेनीलिनक्स आणखी एक आठवडा थांबेल.